सासरच्या पेटीतील तीनशे वर्षे

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या साताऱ्याच्या असून लग्नानंतर अठरा वर्षे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतात. त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आपले जुने घर विकत आहेत आणि आवराआवरीत माळ्यावर एक पेटी निघाली आहे. पेटीत मागील पानांवर जन्ममृत्यूच्या नोंदी असलेले घरचे बायबल, जुनी खरेदीखते, पत्रांचे गठ्ठे, पत्र्यावर काढलेली छायाचित्रे आणि सासूबाईंच्या आत्याने १९३४ साली टंकलिखित केलेली वंशावळ आहे. तिच्यानुसार १६३५ मध्ये तीन भाऊ इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच या गावी आले आणि त्यांचे मूळ एका सरदार घराण्यात होते. घराण्याचे कुलचिन्हही (ढालीवरचे सरदारी चिन्ह) चौकटीत लावलेले आहे. एका मृत्युपत्राच्या नकलेत मालमत्तेच्या यादीत एका गुलाम मुलीचा उल्लेख असून, ते पान काढून टाकावे असे दिरांचे म्हणणे आहे. घराण्यातील कोणीतरी मिशनरी होऊन मुंबईला गेले होते असेही एक वृद्ध नातेवाईक सांगतात. यातले खरे काय, शोध कुठून सुरू करावा, कागद टिकवावेत कसे, बायबलात मुलीचे नाव लिही असे सासूबाई म्हणतात तर लिहावे का, आणि बाहेरून आलेल्या सुनेने या कामात हात घालावा का, असे त्यांनी विचारले आहे.

---

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हात घालाच. त्या पेटीभोवती आज घरात जी माणसे आहेत, त्यांत कागद वाचण्याची उत्सुकता तुमच्या पत्रात दिसते तेवढी दुसऱ्या कोणाच्या ठायी असेल असे वाटत नाही, आणि सासूबाईंनी बायबल तुमच्याच हाती दिले आहे, यात सगळे आले.

मात्र पेटी उघडण्याआधी सासूबाईंजवळ बसा. सेलम या गावच्या सरकारी कचेरीतील खरेदीखते पुढच्या वर्षीही तिथेच असतील, पण छायाचित्रातील त्या टोपीवाल्या बाईंचे नाव आज एकट्या त्यांनाच ठाऊक असण्याचा संभव आहे. एका वेळी एकच वस्तू त्यांच्या हातात द्या, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि नुसते "हे कोण?" असे न विचारता "हे कोणाच्या घरी भिंतीवर होते, तुमच्याकडे कसे आले, यांच्याविषयी तुमच्या आईने काय सांगितले होते?" असे विचारा. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून त्यावर तारीख घाला. आठवणीत चूक असली तरी ती दुरुस्त करू नका, कारण ती चूकही पुढे कशाचा तरी धागा ठरते.

आता आत्याबाईंच्या वंशावळीकडे वळू. तुमच्या दिरांनी ती भिंतीवर लावायचे ठरवले आहे असे तुम्ही लिहिता. थोडे थांबा. वंशावळीत नावे किती आहेत याला फारसे मोल नसते. एका पिढीचा दुसऱ्या पिढीशी असलेला सांधा कशावरून जुळवला, याला असते. तुमच्या मुलीपासून १६३५ पर्यंत साधारण बारा-तेरा पिढ्या होतील. त्यातला एक सांधा निसटला, तर त्याच्या वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याच कोणाचे असतात. आत्याबाईंच्या कागदावर नावे आणि साले आहेत, पण कोणती गोष्ट कुठून घेतली हे कुठेच नाही. म्हणून तो कागद पुरावा मानू नका, एका जाणत्या नातेवाईकाची साक्ष माना. साक्ष जपायची असते आणि तपासायचीही असते.

तीन भावांची कथा अमेरिकेतील असंख्य घराण्यांत सापडते आणि तेथील जाणकार ती ऐकली की सावध होतात. आपल्याकडेही तीन भाऊ कोकणातून निघाले, एक घाटावर राहिला, एक देशावर गेला आणि तिसऱ्याचा ठावठिकाणा लागला नाही, ही कथा किती कुलांत आहे हे तुम्हाला सांगायला नको. एका आडनावाची तीन माणसे जुन्या कागदांत दिसली की मागची पिढी त्यांना भाऊ करून टाकते. कुलचिन्हाचे तर त्याहून सोपे आहे. इंग्लंडमध्ये असे चिन्ह एका विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या सिद्ध झालेल्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. आडनाव पाहून चिन्ह विकणारे दुकानदार तेव्हाही होते, आजही आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील श्रीमंत कुटुंबांमध्ये सरदारी मूळ शोधून घेण्याची हौस एवढी होती की गुस्ताव्ह आंझू नावाच्या गृहस्थाने पैसे घेऊन बनावट वंशावळी रचण्याचा व्यवसायच केला, आणि त्याने घुसवलेले खोटे पूर्वज आजही लोकांच्या वंशवृक्षांत सापडतात. आत्याबाईंनी फसवले असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या हाती असेच एखादे छापील पुस्तक आले असेल. इंग्लंडातील भाग तूर्त बाजूला ठेवा.

सुरुवात तुमच्या यजमानांच्या जन्मदाखल्यापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. १८४१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद राज्यपातळीवर होते, त्यामुळे तिथपर्यंतची वाट बरीच सरळ आहे. जोडीला दर दहा वर्षांची जनगणना वापरा, पण तिच्या मर्यादा लक्षात घ्या : पहिली जनगणना १७९० ची; १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्यांची नुसती संख्या; १८५० मध्ये घरातील प्रत्येक मुक्त (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव येऊ लागले; कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे १८८० पासून. १८९० ची जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. १८५५ आणि १८६५ साली राज्याने स्वतंत्र जनगणना केली होती, तीही पाहून घ्या.

१८४१ च्या मागे गेलात की काम गावाच्या दप्तरावर येते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ मध्येच जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा नियम केला होता, आणि इप्सविचसारख्या बहुतेक जुन्या गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुस्तकरूपाने छापल्या गेल्या आहेत. त्या काळचे प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक विवाहाला धर्मविधी मानत नसत, तो न्यायाधिकाऱ्यासमोर होणारा करार असे. म्हणून सतराव्या शतकातील विवाह चर्चच्या वहीत सापडला नाही तर निराश होऊ नका, गावाची वही पाहा.

इथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्यामुळे भलेभले चुकतात. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींमध्ये वर्ष १ जानेवारीला बदलत नसे, २५ मार्चला बदलत असे. आता समजा, गावाच्या वहीत एका जोडप्याचा विवाह एप्रिल १६९० मध्ये आहे आणि पहिल्या मुलाचा जन्म फेब्रुवारी १६९० मध्ये. वरवर पाहता मूल लग्नाच्या आधीचे दिसते आणि मग कोणी बदनामीची गोष्ट रचतो, कोणी नवऱ्याची पहिली बायको कल्पून घेतो. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी त्या एप्रिलच्या नंतरचा आहे. आपल्या हिशेबाने १६९१ चा, म्हणजे लग्नानंतर दहा महिन्यांनी. काही कारकून अशा तारखा १६९०/९१ अशा जोडीने लिहीत, त्या जोडीनेच उतरवून घ्या. १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

शब्दांचेही तसेच. त्या काळी एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असली की वयाने मोठा तो सीनियर आणि लहान तो ज्युनियर. ते बापलेक असतीलच असे नाही, चुलता-पुतण्या किंवा कोणीच नसलेलेही असू शकतात, आणि थोरला वारला की धाकट्याचा ज्युनियर आपोआप सीनियर होतो. "कझिन" हा शब्द पुतण्या-भाच्यालाही वापरत, सावत्र मुलाला "सन-इन-लॉ" म्हणत. अक्षरवळणाची भीती बाळगू नका. शब्दाच्या मधला लांब एस हा एफसारखा दिसतो आणि "ये" असे वाटणारे अक्षर खरे तर "द" या शब्दाचे जुने रूप असते. मोडी शिकणाऱ्याला पहिले पंधरा दिवस एकही ओळ लागत नाही आणि मग अचानक डोळा बसतो, तसेच इथे होते. त्याच हाताची सोपी पाने आधी वाचून त्याची अक्षरे कागदावर मांडून घ्या, मग अवघड पान घ्या.

आता ज्यांच्यासाठी मला सर्वांत जास्त कळकळ आहे, त्या स्त्रियांविषयी. आत्याबाईंच्या वंशावळीत तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रावरून मी मोजले, तर पहिल्या सात पिढ्यांपैकी पाच ठिकाणी बायकोचे फक्त पहिले नाव आहे : मेरी, सारा, पुन्हा मेरी. माझ्या आजोळच्या छापील वंशावळीत माझी आई नाही, कारण ती मुलगी होती. तो कागद पाहिला की मला आजही वाईट वाटते, म्हणून हा विषय मी हातचा राखून सांगू शकत नाही. या स्त्रियांची माहेरची नावे जन्मनोंदीत क्वचितच मिळतात, ती मालमत्तेच्या कागदांत मिळतात. बाप आपल्या मृत्युपत्रात मुलीचा उल्लेख तिच्या सासरच्या आडनावाने करतो, "माझी मुलगी सारा अमुक हिला एक गाय". म्हणून पणजोबांच्या पणजोबांचे मृत्युपत्र वाचून थांबू नका, त्याच गावातील शेजारच्या घराण्यांची मृत्युपत्रेही वाचा. साराचा बाप बहुधा पाच-सात मैलांच्या आत राहत असतो. खरेदीखतांत जमीन विकताना बायकोला आपला विधवाहक्क सोडल्याची सही किंवा खूण करावी लागे, तिथेही तिचे नाव येते. आणि बाप वारल्यावर सगळ्या वारसांनी मिळून जमीन विकली असेल, तर एका खतात सगळ्या बहिणी नवऱ्यांसकट उभ्या राहतात. असे एक खत हाती आले की तीन सांधे एकदम जुळतात.

इप्सविच एसेक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येते, आणि त्या काउंटीची प्रोबेटची (मृत्युपत्रे व वारसाहक्काची) व जमिनीची जुनी दप्तरे समृद्ध आहेत. मृत्युपत्रापेक्षा त्याला जोडलेली मालमत्तेची यादी मला अधिक आवडते. दोन-तीन शेजारी मृताच्या घरातून खोलीखोलीने फिरत आणि दिसेल ते किमतीसह लिहीत : पिसांची गादी आणि उशी, लोखंडी भांडे व ते टांगायची साखळी, कथलाच्या थाळ्या, सूतकताईचे चाक, एक जुने बायबल, अर्धा एकर मका. गादी किती महाग होती हे पाहून तुमच्या मुलीला नवल वाटेल. या एका कागदावरून ते घर डोळ्यांपुढे उभे राहते. सरदाराच्या ढालीवरून काहीच उभे राहत नाही.

अशाच यादीत ती गुलाम मुलगी आहे. तुमच्या दिरांना काय वाटत असेल ते मी समजू शकतो, तरीही ते पान काढू देऊ नका. उत्तरेकडे गुलामगिरी नव्हतीच असा एक समज आहे. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यातच तिला वाव होता आणि ती १७८० च्या दशकात न्यायालयाच्या निकालांनी संपली. त्या मुलीचे नाव, अंदाजे वय आणि पौंडांतील किंमत यांखेरीज तिच्याविषयी जगात दुसरा कागद नसण्याचा संभव मोठा आहे. तिचे वंशज आज कुठे तरी आपला शोध घेत असतील आणि त्यांना पुढे जायला तुमच्या घरातल्या या ओळीखेरीज काही नसेल. ती ओळ नीट उतरवून, मूळ संदर्भासह, स्थानिक इतिहाससंस्थेला कळवा आणि कुटुंबाच्या लेखनात तिला घरातल्या माणसांच्या यादीतच स्थान द्या. दिरांना एवढेच सांगा की आपण कोणाचा निवाडा करत नाही, जे लिहिलेले आहे ते ठेवतो आहोत. इप्सविचची जमीनही रिकामी नव्हती : तिचे नाव अगावाम होते आणि तेथील प्रमुख मास्कोनोमेट याने १६३८ मध्ये ती वीस पौंडांना, हे गाव वसवणारे जॉन विन्थ्रॉप धाकटे यांना लिहून दिली. घराण्याचा वृत्तान्त १६३५ पासून लिहायचा असेल, तर हे वाक्य त्यात आलेच पाहिजे.

अमेरिकन क्रांतीच्या युद्धात कोणी लढले असेल तर १८३२ च्या आणि विधवांसाठीच्या १८३६ च्या कायद्यांनुसार केलेले निवृत्तिवेतनाचे अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहा; अशी सुमारे ऐंशी हजार प्रकरणे आहेत. म्हातारे शिपाई न्यायालयात आपली हकीकत स्वतः सांगत आणि विधवा लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलातील पान फाडून जोडत. तुमच्या बायबलात एक पान फाडलेले आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते तिथे असेलच असे नाही, पण पाहण्यासारखे नक्की आहे. बायबलाच्या नोंदी तपासताना आधी मुखपृष्ठामागील छपाईचे साल पाहा. बायबल १८२० चे असेल आणि पहिली नोंद १७५६ ची, तर ती जुन्या वहीतून किंवा आठवणीतून उतरवलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातात असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या. शाई आणि अक्षर बदलत गेले असेल तर त्या त्या वेळी लिहिल्या, आणि त्यांचे वजन अधिक.

मुंबईच्या मिशनरीची गोष्ट वाचून मलाही आनंद झाला, आणि म्हणूनच सावधगिरीचा सल्ला देतो. ती अशक्य नाही. बोस्टनच्या अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. न्यू हॅम्पशरच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या आणि त्यांनी अहमदनगरला चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या अनेक घरांतील माणसे अशी आपल्याकडे येऊन गेली. त्या मिशनची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, म्हणजे तुमच्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर. नाव मिळाले तर त्याचा सासूबाईंच्या घराण्याशी सांधा दाखवणारा कागद शोधा. सातारची सून आणि मुंबईचा मिशनरी हा योग मनाला फार गोड वाटतो, पण आत्याबाईंनाही सरदार असाच गोड वाटला असेल.

शोधासाठी फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि बोस्टनला न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी ही १८४५ पासूनची संस्था आहे; तिथे एक दिवस घालवा. डीएनए चाचणी जवळच्या चार-पाच पिढ्यांसाठी उपयोगी पडते, दहा पिढ्यांमागील एखाद्या पूर्वजाचा अंशही रक्तात उरलेला नसू शकतो. करायचीच असेल तर घरातील सर्वांना आधी विचारा, कारण तिच्यातून हयात माणसांची गुपितेही बाहेर येतात.

कागदांविषयी. पेटी आजच माळ्यावरून खाली आणा; तुमच्याकडचा उन्हाळा आणि गोठवणारा हिवाळा यांनी माळ्यावरचा कागद कडक होऊन मोडतो, आणि तळघरातील ओलीने बुरशी व कसर लागते. घराच्या मधल्या भागातील, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट उत्तम. गठ्ठ्यांचे रबर, टाचण्या आणि क्लिपा हळूच काढा. घड्या उलगडून प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात सपाट ठेवा, पण जी घडी मोडेलशी वाटते ती उघडू नका, तिथे जाणकाराचे काम आहे. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही. हातमोजांची गरज कागदाला नाही, धुतलेले कोरडे हात पुरेत. पत्र्यावरच्या छायाचित्रांना मात्र फक्त कडेने धरा आणि ती पुसू नका. हाताळण्याआधी सगळ्याचे स्कॅन करा, प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक तुमच्या घराबाहेर. खरेदीखते आणि ते मृत्युपत्र पुढे इप्सविचच्या इतिहाससंस्थेला द्यावे असे माझे मत आहे, पण तो निर्णय सासूबाईंचा.

आणि बायबलात नाव लिहायचे का? लिहा. पसरणार नाही आणि उडणार नाही अशी रंगद्रव्याची शाई असलेले पेन घ्या, आधी वेगळ्या कागदावर लिहून पाहा, मग नोंदींच्या पानावर जिथे शेवटची ओळ संपते त्याखाली मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहा. तिच्या पुढे "आई" म्हणून तुमचे माहेरचे पूर्ण नाव, तुमच्या आईवडिलांची नावे आणि "सातारा, महाराष्ट्र, भारत" असे घाला, रोमन लिपीत आणि देवनागरीतही. खाली बारीक अक्षरात ही नोंद कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सांगण्यावरून केली ते लिहा, आणि तिथे सासूबाईंची सही घ्या.